कान थोची नदी दिवसातून दोनदा उलटी का फिरते?

मार्चमधली एखादी पहाट. व्हिएतनाममधल्या कान थो शहरात, हाउ नदीजवळच्या निन किउ घाटावर कठड्याला टेकून उभं राहायचं आणि पाण्यावरच्या जलपर्णीकडे बघत राहायचं. हिरव्या पानांचे फुगीर पुंजके, अधूनमधून फिकट जांभळं फूल. समुद्र आग्नेयेला, म्हणजे हे पुंजके तिकडेच वाहत जायला हवेत. पण भरतीची वेळ असेल, तर ते निघालेले असतात नेमके उलट दिशेला, वायव्येकडे, कंबोडियाच्या रोखानं. तास-दोन तासांनी त्यांचा वेग मंदावतो, ते जागच्या जागी गोल फिरू लागतात, काही वेळ नदी जणू थांबतेच. मग ते हळूहळू समुद्राकडे सरकू लागतात.

पहिल्यांदा हे बघताना नजर फसतेय असंच वाटतं. घाटावरच्या नावाड्यांना त्याचं काहीच नवल नसतं. कुठली होडी किती वाजता सोडायची, हे त्यांनी आदल्या दिवशीच त्या पाण्याला विचारून ठरवलेलं असतं.

कान थो हे दक्षिण व्हिएतनाममधलं, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातलं सगळ्यात मोठं शहर. हो चि मिन्ह सिटीपासून रस्त्यानं साधारण 165 किलोमीटर, हाउ नदीच्या उजव्या तीरावर. बहुतेक पर्यटक एका रात्रीसाठी येतात. पहाटे तरंगता बाजार बघतात, होडीतच नूडल्सचा वाडगा रिचवतात, फोटो काढतात आणि दुपारी परतीची बस धरतात. मजा त्यातही आहे. पण या शहरात बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट पाणी आहे, आणि ते बघायचं तर ते कसं हलतं हे थोडं समजून घ्यावं लागतं. एक हालचाल रोजची, समुद्राच्या भरती-ओहोटीची. दुसरी वर्षाची, पावसाची. तिसरी हजारो वर्षांची, गाळाची. या तिन्हींच्या जोडणीतून हे शहर उभं राहिलंय. आज तिसरी हालचाल अडलीय आणि म्हणून पहिल्या दोन्ही बिघडल्यात. हे सगळं घाटावरून, बाजारातून, अगदी हॉटेलच्या पायरीवरूनही दिसतं.

पायाखालची जमीन किती जुनी?

मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते. चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि शेवटी व्हिएतनाम अशा सहा देशांतून चार हजारांहून अधिक किलोमीटर येते. नॉम पेन्हपाशी तिला फाटा फुटतो आणि व्हिएतनाममध्ये दोन नद्या शिरतात. एक तिएन, म्हणजे पुढची. दुसरी हाउ, म्हणजे मागची. पुढे त्यांचेही फाटे होतात. व्हिएतनामी लोक या सगळ्या पसाऱ्याला म्हणतात कुउ लाँग, नऊ ड्रॅगन. नऊ मुखं म्हणून नऊ ड्रॅगन. त्यातली दोन आता बंद झालीत, एक गाळानं भरलं आणि एकावर बांध घातला गेला. नाव मात्र नवाचंच राहिलंय.

सात-आठ हजार वर्षांपूर्वी समुद्राचा किनारा आजच्या कंबोडियाच्या सीमेपलीकडे होता. म्हणजे कान थो आज जिथं आहे तिथं तेव्हा खारं पाणी होतं. तेव्हापासून नदीनं गाळ आणून टाकत किनारा दोनशेहून अधिक किलोमीटर पुढे ढकलला. डोंगर, खडक, पठार यातलं काही इथं नाही. जे आहे ते नदीनं कुठून तरी उचलून आणलेलं.

ती हे करते कसं? साधी गोष्ट आहे. पाणी जोरात वाहत असतं तोवर माती त्यात तरंगत राहते. पाण्याचा वेग पडला की माती खाली बसते. समुद्राजवळ नदी पसरते, संथ होते आणि हातातलं ओझं टाकून देते. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की आणखी एक गोष्ट घडते. चिकणमातीचे बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटत असतात, मीठ आल्यावर ते एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि लवकर तळाला जातात. त्यावर खारफुटी उगवते, तिची मुळं पुढचा गाळ धरून ठेवतात. अशी इंच-इंच करत जमीन होते.

पुराच्या वेळी नदी काठ ओलांडते तेव्हा काठावरच तिचा वेग एकदम कमी होतो, म्हणून जाडसर गाळ काठालगत बसतो. बारीक चिखल दूर आत जातो. परिणामी नदीचा काठच उंच आणि आतला भाग सखल. कान थोच्या आसपास होडीतून फिरताना हे स्पष्ट दिसतं. पाण्यालगत घरं, घरांमागे आंबा, लोंगान, पोमेलोच्या बागा, आणि त्यामागे खोलगट भागात भातखाचरं. कुणी आराखडा आखून दिलेला नाही, पुरानं जिथं जसा गाळ टाकला तशी माणसं बसली.

पाणी तपकिरी दिसतं म्हणून बरेच पर्यटक नाक मुरडतात. शहराजवळ सांडपाणी मिसळतं हे खरं, पण तो तपकिरी रंग घाणीचा नाही, गाळाचा आहे. पुराच्या दिवसांत एक पारदर्शक बाटली नदीच्या पाण्यानं भरा आणि खोलीतल्या खिडकीत रात्रभर ठेवा. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाशी बोटाच्या पेरापेक्षाही कमी जाडीचा, साईसारखा मऊ थर बसलेला असतो. तो थर म्हणजे ही जमीन. बाटली हलवू नका, थोडा वेळ बघा. मला तरी या प्रदेशाबद्दल कुठल्याही नकाशानं जे सांगितलं नाही, ते त्या थरानं सांगितलं.

रोजचं घड्याळ

आता त्या उलट्या निघालेल्या जलपर्णीकडे येऊ.

हा प्रदेश किती सपाट आहे याचा अंदाज करणं अवघड जातं. व्हिएतनाममधला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश सुमारे 40,000 चौरस किलोमीटर पसरलाय आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार त्याची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून अवघी 0.8 मीटर आहे. माणसाच्या कमरेपेक्षाही कमी. आधी वापरल्या जाणाऱ्या उपग्रहांच्या आकड्यांत ती 2.6 मीटर धरलेली असायची. म्हणजे सगळं जग ज्या जमिनीला पुरुषभर उंचीहून वर समजत होतं ती प्रत्यक्षात कमरेएवढीही निघाली.

आणि समुद्र? हाउ नदीच्या मुखाशी उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरहून जास्त होतो. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. नदीला उतार जवळपास नाहीच, आणि समोरून पाण्याची एवढी मोठी पायरी वर चढतेय. नदी कितीही मोठी असली तरी उतार नसेल तर ती जोर कशाचा लावणार? भरतीची लाट नदीच्या पात्रात शिरते, ऐंशीएक किलोमीटर आत कान थोपर्यंत काही तासांत पोहोचते आणि तिथून पुढेही जाते. कोरड्या ऋतूत वरून येणारं पाणी कमी असतं तेव्हा तर भरतीचा परिणाम थेट कंबोडियात जाणवतो. म्हणूनच मार्चमध्ये नदी उलटी वाहताना दिसते. ऑक्टोबरमध्ये वरून पुराचा लोंढा असतो, तेव्हा मुख्य नदी उलटी फिरत नाही, पण तिला पुढे जायला वाट मिळत नाही आणि पाणी फुगत जातं.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कान थोपर्यंत भरती आली म्हणजे समुद्राचं खारं पाणी आलं असं नाही. समुद्र ढकलतो, आणि नदीचं स्वतःचंच गोडं पाणी मागे सरतं. गर्दीच्या बोळात पुढच्यानं धक्का दिला की मागचे मागे सरकतात, पण धक्का देणारा स्वतः मागच्या टोकाला पोहोचलेला नसतो, तसं. खारं पाणी खरोखर किती आत येतं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो पुढे येईलच.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, कारण हे घड्याळ चंद्राचं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आपल्या भाषेत यासाठी इतके नेमके शब्द आहेत याचा मला इथं फार आनंद झाला, कारण इथल्या लोकांकडेही तसेच आहेत. चढणाऱ्या पाण्याला एक नाव, उतरणाऱ्याला दुसरं, उधाणाला तिसरं, भांगाला चौथं, आणि पाणी उभं राहतं त्या थोड्या वेळालाही एक नाव. घराच्या भिंतीवर चांद्र तिथींचं कॅलेंडर असतं आणि ते सणांसाठी जितकं लागतं तितकंच पाण्यासाठी.

इंजिनं येण्याआधी माणूस वल्ह्यावर होता. भरलेली होडी उलट्या पाण्यात वल्हवत नेणं म्हणजे जीव काढणं, त्यामुळे पाणी आपल्या दिशेला वळेपर्यंत थांबायचं आणि मग निघायचं. त्यात इथे कालव्यांचं जाळं. अनेक कालवे दोन नद्यांना किंवा नदी आणि समुद्राला जोडतात, म्हणजे भरती दोन्ही टोकांनी आत शिरते आणि मध्ये कुठेतरी दोन पाणी एकमेकांना भिडतात. त्या जागेला व्हिएतनामी भाषेत याप नुओक म्हणतात, पाण्याला पाणी मिळतं ती जागा. तिथपर्यंत होडी भरतीवर बसून आलेली असते, पण पुढे जायला ओहोटीची वाट बघावी लागते. म्हणजे काही तासांचा मुक्काम. मुक्काम आला की चूल आली, चहा आला, गप्पा आल्या, देवाणघेवाण आली. या भागातले कितीतरी बाजार आणि पुढे गावं अशा जागी आणि नद्या-कालव्यांच्या तिठ्यांवर वसली. पर्यटकांना तरंगता बाजार ही गंमत वाटते. मुळात तो पाण्याच्या वेळापत्रकातला थांबा होता.

काय रांगचा बाजार: बांबूवर टांगलेली भाषा

निन किउ घाटापासून काय रांगचा बाजार सहा किलोमीटरांवर. जायचं तर पहाटे पाचला निघावं. आठ-नऊनंतर तिथं उरते ती मुख्यतः पर्यटकांचीच गर्दी.

हा घाऊक बाजार आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून मोठ्या लाकडी बोटी एखादाच माल भरून येतात, सगळा अननस किंवा सगळी रताळी किंवा सगळा कोबी, आणि माल संपेपर्यंत दिवसच्या दिवस तिथंच नांगरून राहतात. त्यांच्यावर कुटुंब राहतं. मागे कपडे वाळत असतात, कुंडीत मिरचीचं रोप असतं, एखादं कुत्रं असतं. बोटीच्या नाळेवर दोन्ही बाजूंना मोठे डोळे रंगवलेले, वाट दिसावी आणि संकट टळावं म्हणून. लहान होड्यांतून किरकोळ विक्रेते येतात, माल घेतात आणि अरुंद कालव्यांतून आत घराघरांपर्यंत नेतात.

यातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला उभा केलेला उंच बांबू. त्याला काय बेओ म्हणतात. जो माल विकायचा त्याचा एक नमुना त्यावर टांगायचा. इंजिनांच्या आवाजात आरोळी ऐकू जात नाही, पण आकाशाच्या पार्श्वभूमीवर टांगलेला अननस दोनशे पावलांवरून दिसतो. एकाच बांबूवर वरून खाली भोपळा, गाजर, कांदा, कोबी अशी माळ असेल तर त्या बोटीत ते सगळं आहे.

या भाषेचं व्याकरणही आहे. टांगलं ते विकायचं, हा पहिला नियम. टांगलंय पण विकायचं नाही, ते म्हणजे वाळत घातलेले कपडे. विकायचंय पण टांगता येत नाही, ते म्हणजे गरम नूडल्स, कॉफी आणि शीतपेयं, त्यांना बांबू नसतो, त्या होड्या स्वतःच तुमच्याजवळ येतात. आणि चौथा प्रकार. बांबूच्या टोकाला पाणताडाच्या झावळीचा तुकडा बांधलेला असतो. छप्पर शाकारायची ती झावळी. बोटीवर राहणाऱ्याचं छप्पर म्हणजे घर, म्हणून तिचा अर्थ असा, की ही बोटच विकायला काढलीय.

काय रांगच्या बाजाराला 2016 मध्ये व्हिएतनामनं राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. आणि त्याच काळात बोटी कमी होत गेल्या. यात कुणी खलनायक नाही. 2010 पर्यंत हाउ नदी ओलांडायला फेरीबोट हाच मार्ग होता, ट्रकच्या रांगा लागत. त्या वर्षी एप्रिलमध्ये कान थो पूल खुला झाला. केबलांनी तोललेला, मधल्या दोन खांबांतलं अंतर 550 मीटर. रस्ते सुधारले, शेतकऱ्याच्या बांधावर ट्रक येऊ लागला, बोटीनं दोन दिवस घालवायचं कारण उरलं नाही. धूप थांबवायला काठावर काँक्रीटची भिंत आली, तेव्हा काठावरची जुनी वखार-दुकानं आणि बोटी यांच्यातलं येणं-जाणंही तुटलं. शेतकऱ्याला रस्ता मिळाला याचं वाईट वाटून घेणं मला पटत नाही. पण झावळी बांधलेला बांबू दिसला की पोटात तुटतं.

त्या पुलाच्या पायाशीही हाच मऊ गाळ आहे. 26 सप्टेंबर 2007 रोजी बांधकाम चालू असताना पुलाकडे जाणाऱ्या मार्गाचा एक भाग कोसळला आणि पन्नासहून अधिक कामगार गेले. चौकशीत निघालं ते असं, की तात्पुरत्या आधारखांबांखालची जमीन असमान खचली होती. पुलावरून झर्रकन जाताना हे माहीत असावं.

वर्षाचं घड्याळ आणि एक श्वास घेणारं सरोवर

मे ते नोव्हेंबर पाऊस, डिसेंबर ते एप्रिल कोरडं. पण इथला पूर इथल्या पावसाचा नसतो. तो वरच्या देशांत पडलेल्या पावसाचा असतो आणि सावकाश येतो, आठवड्यांच्या चालीनं. ऑगस्टपासून चढत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माथ्यावर पोहोचतो.

तो सावकाश येण्यामागे कंबोडियातलं तोन्ले साप सरोवर आहे. नॉम पेन्हपाशी ते एका नदीनं मेकाँगला जोडलंय. पावसाळ्यात मेकाँगचं पाणी इतकं चढतं की ही जोडनदी उलटी वाहू लागते आणि सरोवर भरू लागतं. कोरड्या ऋतूत सुमारे 2,500 चौरस किलोमीटर असलेलं हे सरोवर पुराच्या वेळी साधारण 15,000 चौरस किलोमीटरपर्यंत फुगतं. पाऊस सरला की ते पाणी पुन्हा मेकाँगमध्ये सोडतं. म्हणजे पुराच्या वेळी जास्तीचं पाणी पोटात घ्यायचं आणि टंचाईच्या वेळी परत द्यायचं. कान थोला फेब्रुवारीत जे गोडं पाणी मिळतं त्यातलं बरंचसं आधी या सरोवरात मुक्काम करून आलेलं असतं.

या हंगामाला इथले लोक पूर म्हणत नाहीत. मुआ नुओक नोय म्हणतात, पाणी वर येण्याचा हंगाम. पूर शब्दात जी धास्ती आहे ती यात नाही. पाणी शेतात शिरतं, उंदीर-किडी बुडवतं, आम्ल धुऊन नेतं, गाळ टाकतं आणि कंबोडियाकडून लहान चंदेरी मासे आणतं, का लिन्ह नावाचे. त्याच वेळी बांधांवर दिएन दिएनची पिवळी फुलं येतात. मासा आणि फूल एकाच आंबट रश्श्यात. तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर हे खायलाच हवं, कारण डिसेंबरात ते मिळणार नाही आणि कुणी दिलंच तर ती चव नसेल. मासे खाणाऱ्यांसाठी लिहितोय, न खाणाऱ्यांनी फुलं नुसती परतून मागवावीत.

आम्लाचं काय, ते दोन ओळींत सांगतो. जुन्या खारफुटीच्या चिखलात गंधक आणि लोहाचं एक संयुग दडलेलं असतं. पाण्याखाली आहे तोवर निरुपद्रवी. कालवा खणून जमीन कोरडी केली, हवा लागली, की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि पीक जळतं. त्रिभुज प्रदेशाच्या फार मोठ्या भागात अशी जमीन आहे. त्यामुळे इथं पाणी काढून टाकणं म्हणजे सुधारणा, हे समीकरण चालत नाही.

कालवे मात्र खणले गेले, फार खणले गेले. कंबोडियाच्या सीमेलगतचा विन्ह ते कालवा 1819 ते 1824 या काळात हजारो लोकांनी हातांनी खणला. कान थोजवळचा सा नो कालवा 1901 ते 1903 मध्ये फ्रेंचांनी वाफेच्या यंत्रांनी खणला आणि कान थो भाताच्या व्यापाराचं केंद्र झालं. 1990 नंतर वरच्या आन जियांगसारख्या भागांत वर्षाला तिसरं भातपीक घेण्यासाठी शेतांभोवती उंच बांध घातले गेले. तांदूळ वाढला. आज देशाच्या एकूण तांदळापैकी निम्मा आणि निर्यातीतला बहुतेक सगळा इथूनच जातो. पण जी शेतं पुराचं पाणी पसरून घेत होती ती बंद झाली, शेतांना गाळ मिळेना आणि खतं वाढली. अडवलेलं पाणी कुठेतरी जाणारच. त्यातलं काही खाली कान थोकडे येतं.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे निन किउ भागातल्या रस्त्यांवर पाणी येतं. आकाश निरभ्र, पाऊस नाही, आणि गटारांच्या जाळ्यांतून पाणी शांतपणे वर येतंय. दुकानदार दारात विटा आणि फळ्या लावतात, स्कूटरवाले पाय वर घेऊन जातात, दोन-तीन तासांत सगळं ओसरतं. वरचा पूर आणि खालचं उधाण यांची ती गाठ. तुमचं हॉटेल तळमजल्यावर असेल तर सामान पलंगावर ठेवा, आणि दार उघडून बघा. दोन्ही घड्याळं एकाच वेळी वाजतायत.

गाळ थांबला तर?

एकेकाळी मेकाँग वर्षाला सुमारे 16 कोटी टन गाळ आणत असे. आज त्याच्या निम्म्याहूनही कमी खाली पोहोचतो. चीनमध्ये 1990 च्या दशकापासून नदीवर एकामागून एक धरणं झाली, लाओसमधलं सायाबुरी 2019 मध्ये सुरू झालं, उपनद्यांवर तर अनेक आहेत. धरणात पाणी संथ होतं, आणि संथ पाण्याचं काय होतं ते आपण बाटलीत पाहिलंच. गाळ तळाशी बसतो, पुढे जातं ते नितळ पाणी. 2019 च्या अखेरीस थायलंडजवळची मेकाँग निळसर झाली. लोक फोटो काढायला जमले. नदीच्या जाणकारांना तो रंग बघून धडकी भरली. ओझं नसलेलं पाणी उपाशी असतं, ते स्वतःचेच काठ आणि तळ खातं.

त्यात वाळूचा उपसा. शहरं, रस्ते, भराव, सगळ्यांना वाळू लागते. ती पात्रातून निघते, पात्र खोल होतं. खोल पात्रात भरती अधिक सहज आत शिरते, अधिक उंच चढते. आणि इथं खाऱ्या पाण्याचा प्रश्न येतो. खारं पाणी जड असतं. ते गोड्या पाण्याखालून, तळाला घासत, पाचरीसारखं आत सरकतं. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. तळ जितका खोल तितकी पाचर लांब. 2016 आणि 2020 च्या उन्हाळ्यात पाऊस कमी, वरून पाणी कमी, त्यामुळे ही पाचर नेहमीपेक्षा कितीतरी आत आली. लिटरला चार ग्रॅम मीठ, ही भाताच्या सोसण्याची रेषा मानतात. बेन त्रेसारख्या किनारी प्रांतांत ती ओलांडली गेली, भात करपला, लोकांना प्यायचं पाणी टँकरनं द्यावं लागलं. 2020 मध्ये पाच प्रांतांनी आणीबाणी जाहीर केली.

गोडं पाणी नाही म्हणून लोक जमिनीखालचं उपसतात. जमिनीखालचे चिकणमातीचे थर म्हणजे पाण्यानं भरलेला स्पंज. पाण्याचा दाब गेला की ते दबतात, आणि एकदा दबले की पुन्हा फुगत नाहीत. एका अभ्यासानुसार 25 वर्षांत त्रिभुज प्रदेश भूजल उपशामुळे सरासरी 18 सेंटिमीटर खचला. समुद्र वर्षाला काही मिलिमीटर चढतोय, जमीन त्याच्या कितीतरी पट वेगानं खाली जातेय. पूर्वीही हा गाळ आपल्या वजनानं दबत होताच, पण दरवर्षी वरून नवा थर मिळत होता. खर्च होता तशी जमाही होती. जमा थांबली.

म्हणूनच समुद्र वाढल्यानं डेल्टा बुडतोय हे वाक्य मला अपुरं वाटतं. त्यात सगळा दोष दूरच्या समुद्रावर जातो. वाळू, भूजल आणि बांध यांवर मात्र इथले लोक, इथलं सरकार आजही निर्णय घेऊ शकतं. काही घेतलेही आहेत. नोव्हेंबर 2017 मध्ये सरकारनं एक ठराव करून भाताचा आग्रह सैल केला, निसर्गाच्या कलानं शेती करायचं धोरण मांडलं. किनाऱ्याकडे शेतकरी तर आधीपासूनच पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात त्याच खाचरात कोळंबी घेऊ लागले होते. गोडं पाणी असेल तेव्हा भात, खारं येईल तेव्हा कोळंबी. दोन्ही पाण्यांना जागा. सोक त्रांगमध्ये विकसित झालेला एसटी 25 हा सुगंधी तांदूळ 2019 मध्ये जगातला सर्वोत्तम ठरला. तोही अशा कोळंबीच्या खाचरांत घेतला जातो. कान थोच्या चांगल्या खानावळीत तो मिळतो, नावानं मागा.

जाणार असाल तर

एका रात्रीऐवजी तीन रात्री ठेवा. निघण्याआधी पंचांग बघा. नदी उलटी फिरताना बघायची तर फेब्रुवारी-मार्च आणि उधाणाचे दिवस. वर आलेलं पाणी, मासे आणि पिवळी फुलं हवी असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर. होडी ठरवताना नावाड्याला किती तास आणि किती डाँग (तिथलं चलन) यासोबत हेही विचारा, की पाणी कधी चढतंय. अरुंद कालव्यांत ओहोटीला होडी चिखलात बसते, भरतीला फांद्यांखालून सहज जाते. हा प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्याकडे नावाडी जरा वेगळ्या नजरेनं बघतो, आणि बऱ्याचदा मग तो स्वतःहून दाखवू लागतो, कुठला काठ गेल्या वर्षी ढासळला, कुणाचं स्वयंपाकघर नदीत गेलं.

निन किउजवळचं 1890 च्या दशकातलं कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेल्या, व्यापाऱ्यांचं मंदिर आणि बिन्ह थुईचं 1870 मधलं जुनं घर बघा. दोन्ही भाताच्या पैशातून उभी राहिली आहेत. एका दुपारी काही करू नका, घाटावर बसा.

आणि एक दिवस समुद्राकडे जा. 1 जुलै 2025 पासून सोक त्रांग आणि हाउ जियांग हे शेजारचे प्रांत कान थो शहरात विलीन झाले, त्यामुळे नदीकाठच्या या शहराला आता समुद्रकिनाराही आहे. हाउ नदीच्या मुखाशी त्रान दे नावाचं बंदर आहे, तिथून कॉन दाओ बेटांकडे वेगवान बोटी सुटतात. बोटीच्या मागच्या डेकवर जागा मिळवा. बराच वेळ पाणी तपकिरीच राहतं, किनारा दिसेनासा झाला तरीही. मग कधीतरी ते हिरवट होऊ लागतं. ती सीमारेषा कुठं लागते, किती वेळानं लागते, ते घड्याळात बघून लिहून ठेवा. पुन्हा गेलात तर जुळवून बघता येईल.